उण्यातून उणं

शाळा उघडायला अजून सोळा दिवस.
मोक्षदानं सहावीची वही काढली आहे,
मागच्या कोऱ्या पानांवर उजळणी.
घामानं कोपर कागदाला चिकटतं,
उचललं की पान थोडं वर येतं, परत बसतं.

उणे सात वजा उणे तीन.
तिनं लिहिलं, उणे दहा.
मी म्हटलं, चूक.
"का?"
उणे उणे अधिक.
"ते पाठ आहे गं. पण का?"

आता काय सांगायचं.
दहावीला मला गणितात अडतीस,
त्यातले तीन भूमितीच्या स्वच्छ आकृतीचे.
उणे उणे अधिक हे मलाही बाईंनी दिलेलं,
ते तसंच ठेवलं,
लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यासारखं,
नाव बघून, न उघडता.

उद्यमनगरात मी तपासणीला असते.
लेथवरून बुश येतात, तेलकट, कोमट,
मायक्रोमीटरच्या जबड्यात एकेक धरते.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं: अधिक-उणे दोन शतांश.
तेवढं उणं चालतं, तेवढं जास्तही,
त्यापुढचं लाल ट्रेमध्ये.
दिवसातून चारशे वेळा
मी शून्याच्या अलीकडं-पलीकडं बघते
आणि पोरीला सांगता येईना,
उण्यातून उणं काढलं
म्हणजे नेमकं गेलं काय.

संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर गेलो.
मे संपत आलेला, पाणी पार खाली,
एरवी बुडालेल्या पायऱ्या
शेवाळ वाळवत बसलेल्या.
मधल्या एका पायरीवर चुन्याचा पट्टा होता.
हे शून्य, मी म्हटलं.
"तू ठरवणार शून्य?"
कुणीतरी ठरवावंच लागतं.

ती सात पायऱ्या उतरली.
चप्पल नवी, प्रत्येक आकड्याला करकर.
आता वजा, म्हणून तोंड नदीकडंच ठेव.
आणि उणे तीन, म्हणून चाल उलटी.
टाचेनं मागची पायरी चाचपत
एक.
दोन.
म्हशी धुणारे एक मामा हात थांबवून बघत राहिले.
तीन.
"उणे चार!" ती ओरडली. "आई, मी वर आलो!"

इथल्या पोरी अशाच बोलतात, आलो, गेलो, करतो.
मीही, घाईत असले की.
त्यात काही उणं नसतं.

रात्री बीजगणित.
पुस्तकात एक्स आहे, मी क्ष म्हणते.
"माझ्या नावात पण आहे तो, बरोबर मधोमध."
क्ष अधिक नऊ बरोबर चार.
नऊला पलीकडं नेताना ती अडली.
सासरे बातम्यांवरून नजर न काढता म्हणाले,
"पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं.
एवढं तर कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं."
ती हसली नाही.
विनोद तिच्या डोक्यावरून गेला, नियम तेवढा राहिला.
क्ष बरोबर उणे पाच.

ताळा करून बघ, मी म्हटलं. तेवढं मला येतं.
उणे पाच अधिक नऊ. चार.
हिरव्या ट्रेमध्ये, मी मनात म्हटलं.

ती झोपल्यावर वही ओढून घेतली.
पुढचं गणित: उणे चार गुणिले उणे सहा.
घाट आठवून बघितला. इथं पायऱ्या पुरेनात.
उणे चार वेळा कुणी कसं चालायचं?
नियम माहीत होता, हातही शिवशिवला,
पण पेन्सिलीनं नुसते चोवीस लिहिले
आणि त्यांच्या डावीकडं
चिन्हापुरती जागा कोरी ठेवली.

सकाळी पाण्याची पाळी साडेपाचला,
माझी कारखान्याची आठला.
मधल्या वेळात दोघी बघू.