सतरा नंबरची खुर्ची

बुसानमध्ये, मासळीबाजारामागच्या तळघरात,
तासाला हजार वॉन.
माउसची वायर उजवीकडे,
प्लास्टिकच्या पट्टीने टेबलाला आवळलेली.

ग्युवोन रोज ती कीबोर्डावरून ओढून
डावीकडे आणतो. वीतभरच पुरते.
उजवा हात आकड्यांच्या कळांवर:
आठ म्हणजे पुढे, पाच म्हणजे मागे,
एन्टर म्हणजे उडी.
दार उघडायची कळ मात्र 'ई'च.
बदलता येत नाही.
दार आलं की हात अख्खा कीबोर्ड ओलांडून जातो,
पाय थांबतात,
आणि तेवढ्यात मरतो.
एकाच दारात, अकरा वेळा.

त्याच्या भाषेत उजवा हात म्हणजे बरोबर हात.
शाळेत दुसऱ्याला रुमाल बांधला होता बाईंनी.
माझ्या भाषेत निदान
डाव्यात डाव तरी आहे.

आज बसतो तर
वायर मोकळी.
कापलेली पट्टी टेबलाखाली पडलेली.
काउंटरवर म्हातारी मालसून
नूडल्सवर उकळतं पाणी ओततेय,
किटली डाव्या हातात.
वर बघत नाही.

तो डाव मांडतो.
दार तसंच.
बाराव्यांदा मरतो,
पण कोपर न आखडता.