कारणे लिहा (कोणतीही चार)

कोपरखैरणे, सेक्टर सात.
खाली रोकायाची चायनीजची गाडी,
वर माझा क्लास, दहा बाय बारा,
नववीची सहा मुलं, एक पंखा
आणि जिन्यातून चढत येणारा व्हिनेगरचा वास.

आज राज्यक्रांती.
लिहून घ्या. एक, विषम समाजरचना.
दोन, करांचा बोजा. तीन, रिकामा खजिना.
चार, विचारवंतांचे कार्य.
हर्षल येवले म्हणाला, मॅडम, भाकरी कुठे घालू?
दुसऱ्यात घाल, म्हटलं, उपमुद्दा म्हणून.

पाण्याचा कॅन भरायला रोकाया वर आलेला.
उंबऱ्याशीच थांबला.
मॅडम, फोन राहिला.
मला वाटलं चार्जिंगला लावलेला असेल.
कुठे राहिला?
कारणांत.

मग कॅन भरेपर्यंत बोलला,
आणि कॅन भरून सांडायला लागला तरी.

सोळाचा होता तेव्हा, काठमांडूत,
कलंकीच्या नाक्यावर एका खानावळीत ताटं घासायचा.
राजाने एका सकाळी सरकार खिशात घातलं
आणि देशभरचे फोन बंद केले.
त्याच आठवड्यात तिकडे जाजरकोटला आई गेली.
ह्याला कळलं तेराव्यानंतर,
गावाकडच्या एका ड्रायव्हरकडून,
तोही आधी डाळभात संपवून मग बोलला.

तुमचा तो विचारवंत
मला कुणी भेटला नाही, म्हणाला. फोन बंद होता, एवढंच.

पुढच्या वर्षी, चैत्र सरता सरता, माणसं रस्त्यावर आली.
पहिल्या दिवशी मोजता येत होती.
मालकाने शटर अर्धं ओढलं.
चौथ्या दिवशी मोजणं सुटलं, मीठ संपलं,
सिलिंडर आडवा करून शेवटची आच काढली.
शहराभोवती एक गोल रस्ता आहे,
आत संचारबंदी, म्हणून लोक कडेकडेने चालायचे.
पामबीचसारखा? तनुजा धुमाळने विचारलं.
नाही ताई, तुमचा रस्ता खाडीच्या बाजूने निघून जातो,
तो फिरून परत तिथेच येतो.
टायर जळत होते. पांढऱ्या कोटातले डॉक्टर होते,
बँकेचे कारकून, सरकारी कचेऱ्यांतले शिपाई,
आणि शटरखालून वाकून बाहेर आलेला हा.
हातातला डाव ठेवायचाच विसरला.
शेजारी चालणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं,
सात ताटांची उधारी होती त्याची, तेवढी ओळख.
तो पडला.
मालकाने वहीतलं ते पान फाडलं नाही,
रेघही मारली नाही.

एकोणिसाव्या रात्री, झोपायच्या वेळी,
राजा टीव्हीवर आला आणि घेतलेलं परत देतो म्हणाला.

मग?
मग गॅस आला. मीठ आलं.
पगार तेवढाच राहिला.

राजवाड्याचं म्युझियम झालं, लोक तिकीट काढून गेले.
हा तोवर तुर्भ्याच्या मार्केटात पोती मोजत होता.
राजेशाही उठली हे त्याला बहिणीने कळवलं.
या वेळी फोन लागला.

पाकिटातून त्याने एक नोट काढली, त्यांच्याकडची, पाचशेची,
घडीवर घडी पडून मऊ झालेली.
कोऱ्या जागेत लाल फूल छापलेलं.
ट्यूबलाइटला धरा, म्हणाला.
धरली. फुलामागे
पुसट मुकुट, पुसट मिशी.
कागद आधीच बनला होता ना, मॅडम.
एवढा कागद फेकून कोण देणार?

खालून कुणी ओरडलं, दोन ट्रिपल राइस, पार्सल!
तो कॅन उचलून गेला.
जिन्यावर पाण्याच्या पावलांची ओळ,
पंख्याखाली ती वाळेपर्यंत कुणी बोललं नाही.

फळ्यावर मी पाच लिहिलं, पुढे टिंब दिलं,
मग पुसलं.
पेपरात चारच विचारतात.

तनुजाने पाचवं लिहून ठेवलं होतं,
पेन्सिलने,
खोडता येईल असं.