भोंगा मूळचा नाही

पवनीजवळ, बकाराम नखातेच्या राइस मिलमध्ये
पोत्यांखाली निघालं यंत्र.
नावाची पट्टी गेलेली.
आकडा : चार, सात, मग नुसता गंज.

असा उलट्या आट्यांचा स्क्रू
माझ्या कुठल्याच यादीत नाही.
भोंगा मात्र रॉकेलच्या डब्याचा,
झाळकाम गावातलंच.
वहीत लिहितो : मूळचा नाही, किंमत निम्मी.

"निम्मी काऊन जी?
ज्यानं बनवला तो आमचा मोठाबाप होय."

बुरशी पुसून मेणाची नळी चढवतो.
खरखर. खोकला.
मग अगदी कानाशी कुणीतरी :
"सुरू झालं काय?"

पुढं काहीच नाही.

भंडाऱ्याचा भंगारवाला आठशे देत होता म्हणे.
मी 'निम्मी' खोडतो.
दुसरा आकडा सुचत नाही.
बकाराम यंत्रावर पोतं पांघरतो
अन् धान मोजायला जातो.