पावशेर

आणला तेव्हा खारकरांच्या शर्टाच्या खिशात मावायचा,
म्हणून नाव पावशेर.
आता अठरा किलो. नाव कोण बदलत बसणार.

मार्च सरता सरता सेक्रेटरीने जिन्याखाली कागद चिकटवला:
पासष्टच्या वरच्यांनी खाली उतरू नये.
त्याखाली बारीक अक्षरात,
कुत्रा फिरवायचा असल्यास दहा मिनिटे.
आमच्या विंगेत पासष्टच्या वरची माणसं सात
आणि कुत्रा एक.

पहिल्यांदा मागितला कुट्टींनी.
दुसऱ्या दिवशी मी.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं
दुसऱ्यांचेच कॉल जोडून दिले,
स्वतःसाठी काही मागायचं तर जीभ अडते.
बेल वाजवली, मास्क नाकावर ओढला, म्हटलं,
खारकर, जरा पावशेर देता का?
वाण्याच्या दुकानात उभी असल्यासारखं
माझं मलाच वाटलं.

मग कॅलेंडरच्या पाठीवर वेळापत्रक झालं.
सहाला ओगलेबाई, साडेसातला कुट्टी,
दहाला मी, कारण माझे गुडघे उन्हातच चालतात.
पट्टा खारकरांच्या कडीला टांगलेला;
सॅनिटायझरने पुसून पुसून त्याचं चामडं पांढरं पडलं.
वॉचमन रामसजीवन रजिस्टरात लिहायचा,
कुत्ता बाहर. कुत्ता अंदर.
आमची नावं त्याने कधी घातली नाहीत.

सात खेपांना कुत्राही किती पुरणार?
माझ्या वेळेपर्यंत रिकामा झालेला असायचा,
बदामाच्या झाडाखाली पोट टेकून बसायचा.
मी खालच्या आवाजात विनवायचे,
अरे, नुसता पाय तरी वर कर,
कोपऱ्यावर पोलीस आहे.

मुलगा ऑकलंडहून विचारायचा, आई, दिवसभर करतेस काय?
दहाची तयारी, मी सांगायचे.
थट्टा वाटायची त्याला.
पण साडेनऊला मी खरंच साडी बदलायचे,
राखाडी; हिच्यावर केस दिसत नाहीत.
डबीत पोळीचा तुकडा, मोडून चार भाग.
खाडीकडून चिखलाचा वास यायचा,
बागेतले झोपाळे दोरीने बांधून ठेवलेले,
आणि परत येताना पहिल्या जिन्यावर
मी दमून टेकले की तो माझ्या पावलावर हनुवटी ठेवायचा.
त्या अख्ख्या वर्षात
अंगाला लागलेली ऊब तेवढीच.
हे मुलाला सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी, एप्रिलात,
कुट्टींना रात्री ॲम्ब्युलन्सने नेलं.
एक्झिबिशन सेंटरातून फोन आला त्यांचा,
धापा टाकत, पहिला प्रश्न:
माझी साडेसातची वेळ कुणी घेतली?
कुणी नाही, म्हटलं. तुमचीच आहे.
एकोणिसाव्या तारखेला मी लावला
तर रिंग नुसती वाजत राहिली.
रिंगचे प्रकार मला कळतात.
ही उचलली न जाणारी होती.

कॅलेंडरवर ते नाव कुणी खोडलं नाही.
ओगलेबाई म्हणाल्या, असू दे, शाई आहे.

पावशेर मात्र दुसऱ्या मजल्यावर अडू लागला.
कुलपासमोर बसायचा, अठराच्या अठरा किलो.
मी ओढलं. पोळी दाखवली.
चल रे, उठ रे, शहाणा ना तू, सगळं मराठी संपलं.
मग आठवलं,
वर्षभर सकाळी साडेसातला
जिन्यातून ऐकू यायचं ते:
वाडा मोने.
अर्थ विचारायचा राहून गेला होता.
म्हणून पाहिलं. बहुधा चुकीचंच म्हटलं असणार,
कारण त्याने आधी मान तिरकी करून
माझ्याकडे बराच वेळ पाहिलं,
मग दाराकडे,
आणि उठला.

खाली रामसजीवनने घड्याळ बघितलं,
पेन झटकलं,
कुत्ता बाहर.