पाणी बंद

डॉक्टरीणबाई एक्स-रे खिडकीला धरतात:
विषाणू आठवड्यापूर्वीच संपला, ताई.
आता छातीत आहेत त्या ह्यांच्याच पेशी,
मदतीला धावलेल्या,
परतायचं विसरलेल्या.

मला मस्जिद बंदरचं गोदाम आठवतं.
पहाटे भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये आलास,
बूट उलटे करून काळं पाणी मोरीत ओतलंस.
"आगीनं दोनच गाठी खाल्ल्या गं,
बाकी कापड आमच्या पाण्यानं गेलं."
जेवला नाहीस.

कस्तुरबा, खाट अकरा.
पांढऱ्या पडलेल्या फुप्फुसांत
तुझीच माणसं अजून होज धरून उभी.
धूर नाही, तरी.

वाकते. मास्कमधून, तुझ्याच आवाजात
सांगून बघते त्यांना:
वॉटर ऑफ.
सुभान्या, शिडी उतर.
घरात माणूस आहे.