पुतूचा रकाना

दर मिनिटाला पडदा सगळ्यांना विचारतो: आहेस का?
मुंबईतली भाड्याची सहा यंत्रं
एका सुरात म्हणतात, आहे.
त्यांना मी कधी पाहिलेलं नाही,
पंखा कुठल्या अंगाला, धूळ किती, ठाऊक नाही,
बिल तेवढं येतं तीन तारखेला.

सातवं इथे, डिचोलीत,
बाजारामागच्या गल्लीत, पतसंस्थेच्या मोरीशेजारी,
पूर्वी फायलींना वाळवी लागायची त्या खोलीत.
पडद्यावर त्याचं वर्तुळ राखाडी.
खाली लिहिलेलं: अज्ञात.

खाणी थांबल्या, टिपर अंगणात उभे राहिले,
चाकांच्या आऱ्यांतून तेरडा उगवला,
तरी ज्यानं ट्रकमालकांचं व्याज मोजणं
एक रात्र थांबवलं नाही,
ते अज्ञात.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
इतकं जुनं आमच्या यादीत बसत नाही, मॅडम,
काढून टाका.
काढून कुठे टाकू?
कायतानचा व्याजाचा प्रोग्राम दुसरीकडे चालत नाही,
आणि कायतान आता दिवाडीला मानकुरादची कलमं बांधतो.
फोन उचलतो, पावसापाण्याचं बोलतो,
प्रोग्रामचं नाव काढलं की
त्याच्याकडे हटकून कुणीतरी दारात आलेलं असतं.

मग मीच बसले जोड लिहायला.
नव्यानं विचारायचं, जुन्याला कळायचं,
मध्ये माझी दोनशे ओळींची दुभाषी.
जुनं उत्तर द्यायचं एखाद्या हेडक्लार्कसारखं,
अर्ज नीट असेल तरच;
एक स्वल्पविराम जास्त, की अर्ज परत.
तीन शनिवार असेच गेले.
चौथ्या शनिवारी वर्तुळ हिरवं झालं:
सेहेचाळीस अंश. पंखे दोन, पैकी एक बंद.
डिस्क ब्याऐंशी टक्के.
ऑफिसात मी एकटी. चहावर साय धरलेली.

आठवड्यानं आलेख पाहिला
तर रोज दीड ते चार एक उंचवटा,
कासवाच्या पाठीसारखा.
मंगळवारी पावणेदोनला गेले. शटरं खाली, गल्ली निजलेली.
एसी बंद, टेबलफॅन सुरू,
आणि पुतू घाडी, शिपाई, स्टुलावर,
तळहात यंत्राच्या पाठीवर,
वासराला ताप आहे का पाहावं तसा.

"दनपारां वोल्टेज देंवता," म्हणाला,
"एसीक आनी हाका, दोगांक पावना.
म्हणून एसीक निजयतां."

कॅलेंडराच्या पाठकोऱ्या पानांची वही दाखवली.
बरें. बरें. गरम. बरें. आवाज करता.
अकरा वर्षांच्या दुपारी, एका शब्दाच्या.
चौदा मार्चला मात्र अख्खी ओळ:
एके कुशीन वारो ना.
पंखा गेला तो दिवस.
मी तो आत्ता, दुसऱ्या साली, शोधून काढला होता
आणि मनात थोडी ऐटही केली होती.

सांगितलं का नाही, विचारलं.
"कोणें विचारलें ना."

घरी येऊन जोड आणखी वाढवली.
आठवा रकाना: पुतू.
तो फोनवरून एक शब्द धाडील, पडदा दाखवील.
पण रकाना म्हणे, मला आकडाच हवा.
बरें म्हणजे किती?
चाळीस? त्रेचाळीस?
त्याच्या तळव्याला घट्टे आहेत, ते वजा करायचे का?
रात्री साडेअकराला हरले
आणि शब्द शब्दच राहू दिला.
लाल-हिरवं काही नाही, नुसतं काळ्या अक्षरांत: बरें.

शुक्रवारी दोन वाजून गेले, सव्वादोन झाले,
रकाना कोरा.
सहा हिरवी, सातवं हिरवं,
बेचाळीस अंश, सगळं जागच्या जागी.
मी फोन लावला.
"पुतूबाब, आसात मूं?"
पलीकडे ताटाचा आवाज.
"आसां गो," म्हणाला. "जेवतालों."