पांढऱ्या पट्ट्या

वैशाख पौर्णिमेला आत्याच्या पदराला
गाडीच्या बिजागरीचा डाग लागला.
बोटभर लांब, काळा, कडेला पिवळट.
गाडी सतरा वर्षांची. मागचं डावं दार
म्हाताऱ्या बदकासारखं ओरडायचं,
म्हणून आदल्या रात्री मीच
इंजिनातलं उरलेलं तेल त्यात ओतलं होतं,
हात सैल सोडून.

पांढरं सुती लुगडं, आणि निघालो होतो दीक्षाभूमीला.
ती काही बोलली नाही. पदर उलटा खोचला,
उन्हात रांगेत उभी राहिली.
घरी आल्यावर म्हणाली,
"ओरडत होतं तेच बरं होतं न बाप्पा.
ओरडण्याचा डाग तं पडत नव्हता."

यशोधराआत्या. तेहतीस वर्षं
शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या तिनं.
फुटली एकच. तीही मांजरामुळे.

मी इतवारीत मुर्तझाभाईंकडे गेलो.
"बिजागरीसाठी साफ तेल द्या."
ते हसले. "तेल, आणि साफ?
भाऊ, तुम्ही तर पाणी मागून राहिले."
तरी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत
थोडं थोडं देत गेले,
पैसे घेतले फक्त बाटल्यांचे.

आत्यानं तेच लुगडं फाडलं.
फाडताना जो आवाज झाला
त्यापुढे दार काहीच नव्हतं.
नारी रोडच्या आमच्या गच्चीवर, ऐन नवतप्यात,
दोरीवर सहा पट्ट्या,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव, खाली एक थेंब.

इंजिनचं तेल तासाभरात
शेजारच्या पट्टीवर जाऊन बसलं.
खोबरेलाला वास छान, दुपारी मुंग्या आल्या.
"आन् डिसेंबरात गोठते हे. दाराले काय केसं हायेत?"
शिलाई मशीनचं तेल सज्जन.
चौथ्या दिवशी ते पट्टीवर नव्हतंच,
पत्ता न सांगता गेलं.
ग्राफाइटच्या पुडीला तिनं पाहिलं फक्त :
"काळंच इकत घ्याचं, तं जुनं काहून वाईट होतं?"
मग पांढरं ग्रीस. पांढऱ्यावर पांढरं,
मला वाटलं, जिंकलो.
रात्री कोराडीकडून वारा आला, नेहमीसारखा राख घेऊन,
आणि सकाळी ग्रीसला मिशा फुटल्या होत्या.

उरली मेणाची फवारणी.
मारताना ओली, मग सुकते, मग नसल्यासारखी.
आत्यानं बोट फिरवलं, बोट पाहिलं,
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
पट्टी झटकली. राख उडून गेली.
"हे. पण आधी जुनं काढ."

जुनं काढायला रविवार गेला.
रॉकेल, दात घासायचा ब्रश, आणि उरलेलं लुगडं.
काळं निघत राहिलं, निघतच राहिलं.
मी आधीच्या मालकाला शिव्या देत होतो.
तिसऱ्या चिंधीला आठवलं,
आधीचा मालक दोनच वर्षं होता.
बाकी सगळं माझंच,
दर दिवाळीला घाईघाईनं ओतलेलं.

ज्येष्ठ पौर्णिमा. नवं लुगडं, तसंच पांढरं.
दार उघडलं, आवाज नाही.
लावलं, तरी नाही.
इंदोरा चौक गेला, आम्ही दोघंही
त्या शांततेवर इतके खूश
की समोरचा लाल दिवा मला दिसला नाही.
कडबी चौकात ऑटोवाला ओरडला,
"काकू, दार उघडं हाय!"
आत्यानं ते असं आपटलं
की काच खाली सरकली.
मग पदर पुढे घेऊन उलटसुलट तपासला,
आणि बाहेर बघत बसली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पट्टी अजून आहे.
सिग्नलला थांबलो की कधी काढून वाचतो,
तिचं बारीक, सरळ अक्षर :
खोबरेल. उन्हाळ्यात चालेल. मुंग्या.